साडेतीनचा भोंगा

‘डोळे मिटा आणि अंग सैल सोडा’ असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. सोलापुरात असताना अडीच वर्षं मी हे वाक्य भिंतीपलीकडून रोज ऐकलं आहे. सकाळी नऊला सुरू व्हायचं ते अकरापर्यंत. मी एका दवाखान्यात नर्स होते. रात्रपाळी करून यायचे, चहा पिऊन आडवी व्हायचे आणि पलीकडे आमचे घरमालक कुणाला तरी झोपवायला घ्यायचे. पलीकडचा माणूस झोपायचा की नाही देव जाणे, मी मात्र टक्क जागी.

त्यांना सगळा बोळ मालक म्हणायचा. तसं सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, टांगेवाल्यालासुद्धा. पण ह्यांनी ते फार मनावर घेतलं होतं. आपण या घराचे मालक आहोत, एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या झोपेचे, डोकेदुखीचे, धडधडीचे आणि वाईट सवयींचेही आपणच मालक, असा त्यांचा एकंदर थाट होता.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतरावर काळा कोट, आणि कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. गिरणीत तीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, याची नोंद ठेवायची आणि भोंग्याची वेळ सांगायची, हे त्यांचं काम. भोंग्याची कळ दुसराच कुणी दाबायचा, पण मालकांनी मान हलवल्याशिवाय नाही. गिरणीच्या भोंग्यावर आमचं सगळं गाव चालायचं. बायका चूल पेटवायच्या भोंग्यावर, पोरं शाळेला निघायची भोंग्यावर. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. हे संमोहनाला लागले.

एकदा मी जिन्यात तोंडावर विचारलं, “मालक, हे कुठून काढलंत तुम्ही?”

“सिस्टर, अख्ख्या गावाला मी तीस वर्षं झोपेतनं उठवलंय,” ते म्हणाले. “ज्याला उठवायला येतं त्याला झोपवायला येणार न्हाई का? तेच काम हाय, उलटं करायचं फक्त.”

बहात्तरचा दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी टपालाने कुठला तरी अभ्यासक्रम पुरा केला होता. त्याचं प्रमाणपत्र सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलं होतं आणि सकाळच्या पूजेत दोन्हींना फूल मिळायचं. दारावर पाटी होती: ‘मनोपचार. वेळ ९ ते ११. चपला व शंका बाहेर ठेवाव्यात.’ आत गिरणीच्या लिलावातून आणलेली एक आरामखुर्ची. तिच्यासमोर छताच्या कडीला दोरा बांधून सूत गुंडाळायची एक लाकडी बॉबिन लटकावलेली. ती हलवायची आणि पेशंटने तिच्याकडे बघत राहायचं. घड्याळ का नाही हलवत, तर म्हणे, “घड्याळ बगितलं की सोलापूरचा माणूस जागा होतो.”

हजेरीचं मस्टर त्यांनी इथेही ठेवलं होतं. पेशंट वेळेवर आला की ‘हजर’. पाच मिनिटं उशीर झाला की ‘लेट’, आणि लेट झालेल्याला परत पाठवायचे. एक बाई पार श्रीपूरहून अर्धशिशी घेऊन आली होती. एसटी उशिरा पोचली, तर मालक तिला म्हणाले, उद्या या. ती बिचारी कपाळ धरून ओट्यावर बसली. शेवटी मीच तिला गोळी दिली आणि अंधारात निजवलं. संध्याकाळी हे मला विचारतात, “माझा पेशंट तुमी का फोडला?”

आकडे ते उलटे आणि कानडीत मोजायचे. हत्तु, ओंबत्तु, एंटु, म्हणजे दहा, नऊ, आठ, असे खाली यायचे. मराठी आकडे ऐकले की माणूस हिशोब करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. “मग अक्कलकोटकडचा कानडी पेशंट आला तर?” मी विचारलं.

“त्याला मराठीत मोजतो की,” ते म्हणाले. या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपलंच डोकं दुखवून घ्यायचं.

पण खरा कहर होता भोंग्याचा. माणूस झोपल्यासारखा झाला की मालक त्याच्या कानाशी सांगायचे, “आता भोंगा झाला की तुमचं डोकं हलकं होणार. भोंगा झाला की छाती शांत होणार.” प्रत्येकाचा इलाज भोंग्याला बांधलेला. “औषध घ्यायला माणूस विसरतो, सिस्टर,” ते मला समजावायचे, “भोंगा विसरत न्हाई. बंद पडायचा त्याला प्रश्नच न्हाई.”

बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या एका विणकराची तंबाखू सोडवायची होती. त्याला सांगितलं, भोंगा झाला की तंबाखूची किळस येईल. आली. भोंगा झाला की तो बिचारा तोंडातली तंबाखू थुंकायचा, चूळ भरायचा आणि पाच मिनिटांनी नवी मळायला घ्यायचा. दिवसात जितके भोंगे तितक्या वेळा तो व्यसनमुक्त होत होता. मी हे मालकांच्या नजरेला आणलं तर ते गंभीरपणे म्हणाले, “भोंगे वाढवायला पायजेत.”

खोटं कशाला बोलू, काहींना गुण यायचाही. धडधडीची एक म्हातारी यायची, मुलगा सुनेला घेऊन पुण्याला गेल्यापासूनची. तिला खरंच बरं वाटायला लागलं होतं. माझा संताप त्याचाच होता. सगळंच खोटं असतं तर मी घर बदलून मोकळी झाले असते.

काकू, म्हणजे मालकांची बायको, या सगळ्यात कुठेच नसायच्या. नऊ ते अकरा त्या मागच्या पडवीत शेंगा कुटत बसायच्या. नवऱ्याच्या विद्येबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायच्या, “करतात बापडे. गिरणीतनं आल्यापास्नं घरात लुडबूड करत हुते, ते थांबलं.”

आणि हा संमोहनवाला माणूस सुईला भ्यायचा. पटकीची लस टोचायला गिरणीत माणसं आली, तेव्हा ह्यांनी स्वतःच्या नावापुढे ‘टोचली’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मागच्या दाराने घर गाठलं. हे काकूंनीच मला सांगितलं. मी कधी दवाखान्यातून सिरिंजचा डबा घेऊन आले, तर मालक जिना मोकळा करून द्यायचे.

मग माझ्यावरच वेळ आली.

वॉर्डात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, जेऊरकडची. पेनिसिलिन द्यायचं होतं. आधी कातडीखाली थेंबभर टोचून टेस्ट केली, काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले द्या, मी दिलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “दुखलं न्हाई, बाई.” आणि काही मिनिटांत गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. नंतर सगळ्यांनी मला सांगितलं, तुझी चूक नाही, असं लाखात कधी तरी होतं. मला ते कळत होतं. माझ्या हाताला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सिरिंज हातात घेतली की उजवा हात मनगटापासून थरथरायचा. ताट उचलताना नाही, पाणी भरताना नाही, फक्त सुई धरली की. झोप तर गेलीच. डोळे मिटले की ते ‘दुखलं न्हाई, बाई’ ऐकू यायचं.

मेट्रन तशी भली बाई होती, पण तिच्याही हातात फार नव्हतं. मी अजून कायम झाले नव्हते. तिने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. म्हणाली, हात थांबला नाही तर वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठारात टाकावं लागेल, आणि कोठारातल्या नर्सला पुढे कुणी कायम करत नाही. मोडनिंबला आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्यावर होते. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला सुई टोचता येत होती, चांगली येत होती, आणि ते माझ्याकडून निघून चाललं होतं.

मालकांनी ते बरोबर हेरलं. जिन्यात मला अडवून म्हणाले, “सिस्टर, तुमची झोप महिनाभर गैरहजर हाय.” मी तशीच वर गेले आणि दार आपटलं.

काकू मागोमाग आल्या. “बस की एकदा त्यांच्या खुर्चीत,” त्या म्हणाल्या. “तुझं काय जातंय?”

“काकू, माझा विश्वास नाही.”

“माझा तरी कुटं हाय? बस तू.”

बसले. दुपारची वेळ होती, अडीच वाजले असतील. त्या आठवड्यात माझी ड्यूटी चारची होती. मालकांनी खास माझ्यासाठी दुपारचं उघडलं होतं आणि मस्टरवर माझ्या नावापुढे ‘हजर’ लिहिलं होतं. शेजारच्या घरात चार यंत्रमाग होते. त्यांचा खडखडाट सकाळपासून चालायचा आणि आमच्या भिंती हलवायचा. त्या आवाजात कसली झोप, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी बॉबिन हलवली.

“डोळे मिटा आणि अंग सैल सोडा.”

मी दातओठ खात डोळे मिटले.

“हत्तु… ओंबत्तु… एंटु… एळु… आरु… ऐदु…”

ऐदु म्हणजे पाच. पाचावर ते थांबले. मी पुढच्या आकड्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. मला वाटलं, मुद्दामच मधे सोडलं असेल, ही काहीतरी पद्धत असेल. आणि मग एक चमत्कार झाला. मागांचा आवाज कमी कमी होत गेला. एक माग थांबला, दुसरा थांबला, आणि शेवटी सगळीकडे शांत झालं. सोलापुरात राहून इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मनात आलं, अरे, हेच ते संमोहन. त्यानंतरचं मला आठवत नाही.

भोंग्याने डोळे उघडले. साडेतीन झाले होते. समोर मालक बसलेले, बॉबिन स्थिर, आणि शेजारचे माग पूर्वीसारखे खडखडत होते. “झालं,” मालक घसा खाकरत म्हणाले आणि मस्टर ओढून त्यात काहीतरी लिहायला लागले.

मी ड्यूटीवर गेले. पहिलं इंजेक्शन एका हमालाला होतं. मी मनात तो साडेतीनचा भोंगा ऐकला आणि सुई टोचली. हात हलला नाही. दुसरं दिलं, तिसरं दिलं. शेवटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आता माझी काय पंचाईत झाली असेल, विचार करा. इतके दिवस ज्याला नावं ठेवली त्याने मला बरं केलं होतं. आणि तो माणूस हे पोटात ठेवणाऱ्यातला नव्हता. बोळात, पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवर, सगळीकडे मालक सांगून आले की दवाखान्याची सिस्टर मी बरी केली. दवाखान्यातला कंपाउंडर मला येऊन विचारतो, “भोंगा झाला का हो?” मी दोन दिवस मालकांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण तो कंपाउंडर काही चुकीचं विचारत नव्हता. मी खरोखरच भोंग्यावर चालायला लागले होते. भोंगा झाला की पुढचे काही तास हात माझा. भिंतीपलीकडून इतक्यांना सांगितलेलं मी ऐकलं होतं, तेव्हा मलाही झोपेत तेच सांगितलं असणार, यात मला शंकाच नव्हती. महिनाअखेरीला मेट्रनने माझा हात बघितला आणि मान डोलावली. कायम व्हायला अजून चार महिने होते.

तिसऱ्या महिन्यात गिरणीत संप झाला आणि भोंगा बंद पडला.

पहिल्या दिवशी गावाला नुसतंच चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मालकांच्या ओट्यावर पेशंट जमले. अर्धशिशी परत आली होती, धडधड परत आली होती. तंबाखूवाला विणकर तेवढा खुशीत होता. “मालक, काय तरी करा,” ती म्हातारी म्हणाली, “छाती थांबंना झालीय.”

मालकांनी काय करावं? कुठून तरी एक शंख आणला. सकाळी ठीक सातला, घड्याळ हातात धरून, गच्चीवर उभे राहून फुंकायला लागले. निम्म्या वेळा नुसती हवा यायची. बोळातली कुत्री सुरात सूर मिसळायची. रात्रपाळीहून आलेली मी खाली उशी कानावर धरून पडायचे. माझंही परत सुरू झालं होतं, सुई धरली की हात थरथरायचा. मी मैत्रिणींशी कामं बदलून घेत होते, ताप मी बघते, सुया तू टोच, असं करत दिवस ढकलत होते. मेट्रनचं लक्ष गेलंच. एवढंच म्हणाली, “परत का?”

त्या दिवशी घरी येऊन मी मालकांना ओट्यावर गाठलं आणि पेशंटसमोर झापलं. “बंद पडायचा प्रश्नच नाही म्हणाला होतात ना? माणसांना गिरणीच्या दावणीला बांधून ठेवलंत. आता गिरणी बंद, माणसं बंद. मी काय करू सांगा.” त्यांनी घड्याळ काढून बघितलं आणि परत खिशात ठेवलं. मला आणखीच राग आला.

थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी गच्चीवर उभं राहून शंख फुंकला की जे व्हायचं तेच झालं. मालकांच्या छातीत कफ भरला, ताप चढला. डॉक्टर घरी आले, न्यूमोनिया म्हणाले. पेनिसिलिन लिहिलं. टेस्ट त्यांनी स्वतः केली, ठीक निघाली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घरातच सिस्टर आहे, तर मी कशाला थांबू? दुपारपासून सुरू करा.” आणि गेले.

त्या मुलीचीही टेस्ट ठीकच निघाली होती.

मी डॉक्टरांच्या मागे धावत जाऊन दुसरी नर्स मागायला हवी होती. मागितली असती तर संध्याकाळपर्यंत मेट्रनच्या कानावर गेलं असतं. आणि मालकांचा श्वास बघता तोवर थांबण्यासारखं नव्हतं. मी स्टोव्ह पेटवला, पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळत ठेवली. तीन वाजून गेले होते. पलीकडे माग खडखडत होते. औषध सिरिंजमध्ये ओढलं तेव्हा बाटलीवर सुईचा टकटक आवाज होत होता, इतका हात हलत होता.

मालकांनी ते बघितलं. सुई बघून त्यांचा चेहरा आधीच पांढरा झाला होता. “सिस्टर,” ते म्हणाले, “साडेतीन होऊ देत. भोंगा झाला की मग द्या.”

“भोंगा होणार नाही, मालक.”

“व्हय,” ते म्हणाले. “इसरलोच.” आणि त्यांनी दोन्ही हातांनी पांघरूण घट्ट धरलं. लहान मुलं धरतात तसं. एवढा तालेवार माणूस, पण त्या क्षणी आम्ही दोघं सारखेच घाबरलेलो होतो, आणि आम्हा दोघांना सोडवणारं कुणी नव्हतं. माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. राहिली ती नुसती माया.

“मालक,” मी म्हणाले, “डोळे मिटा आणि अंग सैल सोडा.”

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग मिटला.

“हत्तु,” मी म्हणाले. “ओंबत्तु. एंटु.”

“सावकाश,” मालक डोळे मिटूनच म्हणाले. “घाई करताय तुमी.”

“एळु. आरु. ऐदु.”

पुढचा आकडा मला आठवेना. माझ्या वेळी तो कुणी मोजलाच नव्हता. मी थांबले, आणि थांबले तेव्हा बघितलं तर सिरिंज माझ्या हातात गप्प होती. मी टोचली. सावकाश औषध सोडलं, सुई काढली आणि कापसाचा बोळा दाबून धरला. मग स्टुलावर बसून त्यांची नाडी धरून ठेवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. काही झालं नाही. मालक घोरायला लागले होते.

दारात बसलेल्या काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “तुझ्या वेळंला बी असंच झालं हुतं.”

“कसं?”

“असंच की. पाच म्हणाले आन् ह्यांचाच डोळा लागला. दुपारी जेवल्यावर बसले हुते न्हवं? मी आत डोकावले तर हे घोरतायत आन् तू वाट बगत बसलीयास, कपाळाला आठ्या घालून. म्हणलं, ह्या पोरीला निदान तासभर झोप तरी मिळू दे. शेजारच्या मागवाल्याकडं गेले, म्हणलं, तासभर माग बंद ठेव, माझं लेकरू झोपलंय. लई कुरकुरला, पण ठेवले एकेक करून. मग दारात बसून ऱ्हायले, कुणी उठवू नये म्हणून.”

“मग भोंगा? भोंगा झाला की हात थांबेल, हे मला त्यांनी सांगितलंच नाही?”

“कवा सांगणार? भोंग्यानंच तर उठले ते.”

मी पलंगाकडे बघितलं. मालकांचं घोरणं थांबलं होतं. डोळे मिटलेलेच होते.

“मी झोपलो नव्हतो,” ते म्हणाले. “ती पद्धतच हाय.”

मालक बरे झाले. पुढे अंगणात बसून मस्टरमध्ये माझ्या नावापुढे त्यांनी आणखी एकदा ‘बरी झाली’ असं लिहिलं, आणि मी ते लिहू दिलं. गिरणी नंतर सुरू झाली, भोंगाही वाजायला लागला, आणि तो वाजला की मला कधी कधी हसू यायचं. मेट्रनने मला कायम केलं. पुढची सगळी नोकरी मी वॉर्डात काढली आणि किती माणसांना सुया टोचल्या त्याची गणती नाही. आजही सुई हातात आली की मनात दहापासून खाली येते, कानडीत, सावकाश, आणि ऐदुवर थांबते. तिथे कुणीतरी शेजारचे माग बंद करतं.